किल्ली दिली, निर्णय कोण घेणार?

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. सकाळी साडेदहाच्या सुमारास एक मावशी टॉवेलात गुंडाळलेला बोका घेऊन दवाखान्यात आल्या. बोका सहा वर्षांचा, अंगाने भरलेला, कधी घराबाहेर न पडलेला. मावशी त्या घरी स्वयंपाकाला जातात. घरची मंडळी दहा दिवसांसाठी लडाखला गेली होती. मावशींनी सांगितलं ते असं : परवापासून तो सारखा त्याच्या मातीच्या ट्रेमध्ये जाऊन बसतोय, जोर करतोय, ओरडतोय, पण काही होत नाही. त्यांना वाटलं, पोट साफ होत नसेल, म्हणून दूध पाजलं. शेजारच्या वहिनींना विचारलं, तर त्या म्हणाल्या, ‘एवढ्यासाठी कशाला फोन करता? चार दिवस फिरायला गेलेत बिचारे. उद्यापर्यंत बघू.’

पोटाला हात लावल्याबरोबर कळलं की पोटाचा प्रश्नच नव्हता. मूत्राशय टणक चेंडूसारखं झालं होतं. बोक्याचा मूत्रमार्ग टोकाकडे फार अरुंद असतो. त्यात बारीक खर किंवा चिकट बोळा अडकला की लघवी पूर्ण तुंबते. मग मूत्रपिंडांचं काम थांबत जातं, रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात. दोन-तीन दिवसांत, कधी त्याच्याही आधी, जीव जातो. उपाय असतो : भूल देऊन नळी घालायची आणि मार्ग मोकळा करायचा. पण अशा अवस्थेत भूल देणंही जोखमीचं, म्हणून त्यासाठी मालकाची संमती लागते. मालकांचा फोन बंद येत होता. (बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिमकार्ड लडाखमध्ये चालत नाही, हे पुष्कळांना तिथे पोहोचल्यावरच कळतं.) मावशी कागदाकडे बघत म्हणाल्या, ‘डॉक्टर, मी कशी सही करू? उद्या काही झालं तर माझ्यावर येईल.’

सलाईन लावलं, सुईने थोडी लघवी काढली, तेवढं भूल न देता जमलं. हॉटेलवाल्यामार्फत मालकांशी बोलणं झालं तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. नळी घातली. त्याच रात्री बोका गेला. त्या साडेचार तासांत आम्हीही थोडी हिंमत करायला हवी होती, असं मला आजही वाटतं.

त्या घरात तयारी नव्हती असं मुळीच नाही. खाण्याच्या पुड्या तारखा टाकून ठेवलेल्या होत्या. ट्रेमधल्या मातीची जास्तीची पिशवी होती. दिवाणखान्यात कॅमेरासुद्धा होता, फोनवर दिसणारा. आपल्याकडे पाळीव प्राण्याला मागे ठेवून जाताना जी तयारी होते ती बहुतेक अशीच असते. खाण्यापिण्याची सोय होते, आजारपणाची होत नाही. म्हणजे मागे राहणाऱ्या माणसाला काय खायला घालायचं ते आपण सांगतो. पण कशाला आजार म्हणायचं, कोणाला आणि कधी फोन करायचा, आणि आपण सापडलो नाही तर कोणी ‘हो’ म्हणायचं, हे सांगत नाही. दिवाळीची सुट्टी तोंडावर आली आहे, तिकिटं निघाली आहेत, म्हणून हा विषय आज काढला.

मांजरापासून सुरुवात करतो, कारण सर्वांत जास्त गैरसमज मांजराबद्दल आहेत. ‘मांजर काय, राहतं एकटं. चार दिवसांचं खाणं ओतून ठेवलं की झालं.’ हे वाक्य मी दर सुट्टीच्या आधी ऐकतो. मांजराला घर सोडायला आवडत नाही, एवढं यात खरं आहे. केसलर आणि टर्नर या अभ्यासकांनी 1997 मध्ये मांजरांच्या बोर्डिंगमधल्या ताणाचा दोन आठवडे पद्धतशीर अभ्यास केला. बहुतेक मांजरांचा ताण पहिल्या काही दिवसांत बराच उतरला. पण दोन आठवडे झाले तरी न रुळलेली मांजरंही होती. याचा अर्थ, तुमची सहल चार दिवसांची असेल, तर ते चारही दिवस मांजराच्या दृष्टीने सर्वांत वाईट दिवस असतात. म्हणून माझं मत स्पष्ट आहे : छोट्या सहलीसाठी मांजराला हलवू नका, त्याच्याच घरी राहू द्या. हलवावंच लागलं, तर सोबत एक पुठ्ठ्याचं खोकं द्या. ही गंमत नाही. नेदरलँड्समध्ये 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, निवारा केंद्रात नव्याने आलेल्या ज्या मांजरांना लपायला खोकं दिलं होतं, ती बाकीच्यांपेक्षा लवकर सावरली. ऑनलाइन मागवलेल्या मिक्सरचं रिकामं खोकं चालतं.

पण ‘घरी राहू द्या’ म्हणजे ‘एकटं राहू द्या’ नव्हे. हल्ली वेळेवर खाणं टाकणारी यंत्रं मिळतात. ती खाणं टाकतात, पण ते खाल्लं गेलं की नाही हे बघत नाहीत. आणि मांजराच्या बाबतीत तीच बाब महत्त्वाची असते. लठ्ठ मांजराने काही दिवस खाणं सोडलं, की अंगातली चरबी यकृतात जाऊन साठू लागते आणि यकृत निकामी होत जातं. कुत्रा दोन दिवस उपाशी राहिला तर बहुधा सावरतो. मांजराच्या उपासाकडे तसं बघता येत नाही. एक दिवस खाल्लं नाही तर लक्ष ठेवायचं, दुसऱ्या दिवशीही नाही तर दवाखाना गाठायचा, हा हिशेब मागे राहणाऱ्याला तोंडपाठ हवा. म्हणून कोणीतरी रोज दोनदा यायला हवं, आणि नुसती वाटी भरून न जाता किमान वीस मिनिटं थांबायला हवं. मांजर दिसलं का? चाललं कसं? ट्रेमध्ये लघवीचे किती गोळे आहेत? कालपेक्षा कमी आहेत का? बोका असेल आणि एकही गोळा नसेल, तर पुढच्या फेरीपर्यंतसुद्धा थांबायचं नाही.

कुत्र्याला एकटं ठेवण्याचा प्रश्नच येत नाही, त्यामुळे तिथे पर्याय तीनच : कोणीतरी तुमच्या घरी राहायला येणं, कुत्र्याला ओळखीच्या घरी पाठवणं किंवा बोर्डिंग. मी याच क्रमाने पसंती देतो. बोर्डिंग वाईटच असतं असं नाही, काही फार मनापासून चालवलेली आहेत. पण निवडताना आपण वातानुकूलित खोली आहे का, रोज व्हिडिओ पाठवणार का, हे विचारतो. रात्री तिथे माणूस झोपतो का, हे विचारत नाही. कोणते डॉक्टर येतात, रात्री दोन वाजता गाडी मिळेल का, हेही नाही. एक सोपी कसोटी सांगतो. त्यांनी तुमच्याकडे लसीकरणाचं पुस्तक मागितलं नाही, तर तिथून निघा. तुमच्याकडे मागितलं नाही, म्हणजे शेजारच्या पिंजऱ्यातल्या कुत्र्याच्या मालकाकडेही मागितलेलं नसणार. पार्व्होचा विषाणू जागेत महिनोन्‌महिने टिकतो आणि नेहमीच्या फिनेलने फरशी पुसून मरत नाही. त्याला ब्लीचचं द्रावण लागतं.

आणि लस जाण्याच्या आदल्या दिवशी द्यायची नसते. बोर्डिंगवाल्यांनी मागितलं म्हणून संध्याकाळी धावत येणारे पालक दर दिवाळीत असतात. पुस्तकावर शिक्का बसतो, संरक्षण मिळत नाही. रेबीजची लस पहिल्यांदाच देत असाल तर ती अंगी लागायला साधारण तीन आठवडे धरतात. लेप्टोस्पायरोसिसच्या लसीचे पहिल्यांदा दोन डोस लागतात, काही आठवड्यांच्या अंतराने. खोकल्याच्या साथीची, म्हणजे ‘केनेल कफ’ची लस वेगळी असते, ती नेहमीच्या लसीत असेलच असं नाही. म्हणून तिकीट काढाल त्याच आठवड्यात लसीचं पुस्तक उघडून बघा. आणि खऱ्या मुक्कामाआधी एक रात्र तिथे ठेवून पाहा. त्या रात्री कुत्रा खातो का, पाणी पितो का, दार ओरबाडून नखं रक्ताळतो का, हे तुम्ही गावात असताना कळलेलं बरं.

‘सोबतच घेऊन जातो’ हा चौथा पर्याय. रेल्वेत पहिल्या वर्गात पूर्ण कूपे किंवा केबिन मिळाली तर कुत्रा सोबत नेता येतो. नाही तर गार्डच्या डब्यातल्या पेटीत. उन्हाळ्यात पग किंवा बुलडॉगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला त्या पेटीत ठेवण्याचा विचारही करू नये. गणपतीला कुत्र्यासह कोकणात जाणाऱ्यांची संख्या आता बरीच आहे. त्यांनी लेप्टोची लस आणि गोचिडांचं औषध चुकवू नये, आणि संध्याकाळनंतर कुत्र्याला पट्ट्याशिवाय आवारात सोडू नये. फुरसं माणसाला चावतं तसं कुत्र्यालाही चावतं.

आता औषधं. नियमित औषध चालू असलेल्या प्राण्याला मागे ठेवताना सर्वांत मोठ्या चुका होतात, आणि त्या प्रेमापोटीच होतात. मधुमेही कुत्र्याला किंवा मांजराला दिवसातून दोनदा इन्सुलिन द्यावं लागतं. ‘सकाळी पाच युनिट, संध्याकाळी पाच युनिट’ एवढं लिहून दिलं, की सांभाळणारा माणूस प्रामाणिकपणे पाच-पाच युनिट देत राहतो, मग त्या दिवशी प्राण्याने खाल्लेलं असो वा नसो. न खाल्लेल्या प्राण्याला पूर्ण डोस दिला तर साखर इतकी खाली जाऊ शकते, की झटके येऊन तो बेशुद्ध पडतो. त्यामुळे कागदावर डोसच्या आधी लिहायचं वाक्य हे : ‘खाल्लं नसेल तर सुई देऊ नका, आधी डॉक्टरांना फोन करा.’ फिटच्या गोळ्यांचं याच्या उलट असतं. फिनोबार्बिटोन अचानक बंद केलं तर त्यामुळेच फिट येऊ शकते. म्हणून गोळ्या चार दिवस पुरतील त्यापेक्षा जास्त ठेवा. विमान रद्द होतं, घाटात दरड कोसळते. सुई देणं किंवा गोळी घशात सरकवणं सांगून येत नाही. ज्याच्यावर सोपवणार त्याने तुमच्यासमोर निदान दोन-तीनदा स्वतःच्या हाताने द्यायला हवी.

न सांगितलेली औषधं हा आणखी एक धोका. मांजर मलूल दिसलं, अंग गरम लागलं, की माणसाचा हात घरातल्या तापाच्या गोळीकडे जातो. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. कुत्र्यांच्या पिसवांवरचे काही थेंब पर्मेथ्रिनचे असतात, ते मांजराला लावले तर विषच. दिवाळीत फराळाचं ताट जमिनीवर असतं. चिवड्यातल्या नि लाडवातल्या बेदाण्याने कुत्र्याची मूत्रपिंडं बिघडू शकतात, हे घरच्यांनाच माहीत नसतं. तर बघायला आलेल्या पुतण्याला कुठून असणार? फटाक्यांचंही आहेच. घाबरलेला कुत्रा अर्धवट उघड्या दारातून सुटतो आणि सापडत नाही. त्याला संध्याकाळ होण्याआधीच फिरवून आणायला सांगा. आणि पट्ट्यावरच्या बिल्ल्यावर त्या दिवसांपुरता सांभाळणाऱ्याचा फोन नंबर घाला. तुमचा नंबर तेव्हा सिक्कीमच्या कुठल्यातरी खिंडीत असणार.

या सगळ्याहून अवघड आणि सर्वांत जास्त टाळली जाणारी गोष्ट म्हणजे अधिकार. प्रत्येक पालकाने जाण्याआधी एक साधा कागद लिहावा, त्याची एक प्रत दवाखान्यात द्यावी, एक घरी फ्रीजवर लावावी, असा माझा आग्रह आहे. वकिली भाषा नको. माझ्या गैरहजेरीत अमुक व्यक्ती उपचारांचे निर्णय घेईल. गरज पडल्यास भूल आणि शस्त्रक्रियेला माझी संमती आहे. अमुक रुपयांपर्यंत खर्च मला न विचारता करावा. मी न सापडल्यास भावाला, तोही न सापडल्यास अमक्याला फोन करावा. खाली सही, तारीख. यात रकमेचा आकडा लिहायला लोक बिचकतात. पण तो न लिहिल्याने खर्च वाचत नाही, वेळ जातो. शक्य असेल तर काही रक्कम दवाखान्यात आगाऊ ठेवा, म्हणजे सांभाळणाऱ्याला स्वतःच्या खिशात हात घालावा लागणार नाही.

प्राणी म्हातारा असेल, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा रोगी असेल, तर आणखी एक ओळ लिहावी लागते. वेदना थांबत नसतील आणि डॉक्टरांच्या मते उपाय उरला नसेल, तर दयामरणाची सुई द्यायची का, की आपण येईपर्यंत थांबायचं? हा प्रश्न मी विचारला की पालकांचे डोळे भरतात. काही जण रागावतात, ‘प्रवासाला निघताना असलं अभद्र कशाला?’ म्हणतात. मला त्यांचा राग समजतो. पण चौदा वर्षांच्या लॅब्राडॉरला धाप लागलेली असताना, पलीकडे विमानात बसलेल्या मुलाचा फोन लागेपर्यंत सहा तास त्याला तसंच ठेवणं मी पाहिलं आहे. ते अभद्र होतं.

हा अधिकार ज्याला द्यायचा, तो माणूस कोण? आपल्याकडे व्यवहारात तो माणूस म्हणजे घरकामाच्या मावशी, सोसायटीचा वॉचमन किंवा समोरचे आजोबा. त्यांना किल्ली आणि पाचशे रुपये दिले जातात, परत आल्यावर पेढ्यांचा डबा. त्या बोक्याचा आजार सर्वांत आधी मावशींच्याच लक्षात आला होता, हे विसरू नका. दुसऱ्याच दिवशी त्यांनी शेजारी सांगितलंही होतं. त्यांच्याकडे नजर होती, माया होती. फोन करण्याची मुभा नव्हती. ‘साहेब सुट्टीवर आहेत, त्यांना त्रास नको’ ही भीती आणि ‘माझ्या हातून मेलं म्हणतील’ ही त्याहून मोठी भीती. जाताना त्यांना समोर बसवून सांगावं लागतं : रात्री दोनला फोन केलात तरी चालेल, चुकून उगाच केलात तरी चालेल, रिक्षाने दवाखान्यात न्या, पैसे हे घ्या, आणि सगळं करूनही काही वाईट झालं तर तुम्हाला कोणी बोल लावणार नाही. शेवटचं वाक्य कुटुंबातल्या सर्वांसमोर बोलावं. आणि मोबदला नीट ठरवून द्यावा. दहा दिवस, दिवसातून दोन फेऱ्या, एका जिवाची जबाबदारी, याची किंमत पेढ्यांचा डबा नाही.

सांभाळणाऱ्याच्या जिवाची काळजीही आपलीच. परक्या माणसाने ओढून बाहेर काढलेलं घाबरलेलं मांजर चावतं, बोचकारतं. रेबीजची लस दिलेल्या प्राण्याचं पुस्तक घरात समोर ठेवा. चावल्यास किंवा ओरखडा उठल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं, हे त्याच कागदावर लिहा. त्याचा खर्च तुमचा, हेही.

‘एवढं सगळं करायचं तर माणसाने कुठे जायचंच नाही का?’ असं एका पालकांनी मला विचारलं. जायचं. पण काही वेळा खरंच जायचं नसतं, हेही सांगायला हवं. नुकताच मधुमेह निघालाय आणि डोस बसायचाय, बोक्याची लघवी गेल्याच महिन्यात तुंबून गेलीय, पिल्लाच्या लसी पूर्ण नाहीत, अशा वेळी सहल पुढे ढकला, किंवा घरातल्या एकाने मागे राहा. गोठ्यात गुरं असलेल्या घरात सगळी माणसं एकदम लग्नाला जात नसत. धारा काढायला कोणीतरी मागे राहायचंच, आणि त्याबद्दल कोणी स्वतःला थोर समजत नसे.

राहिला परत आल्यानंतरचा काळ. बोर्डिंगमधून आलेला कुत्रा पहिले दोन दिवस खूप झोपतो, ते साहजिक आहे. पण गोचिडांमुळे होणारा ताप चावल्यानंतर साधारण एक ते तीन आठवड्यांनी दिसतो, म्हणजे तुमच्या बॅगा उघडून, फोटो पाठवून सगळं विसरल्यावर. तेव्हा कुत्रा खाणं टाकतो, कोपऱ्यात पडून राहतो आणि घरचे म्हणतात, ‘रुसलाय आमच्यावर.’ कुत्रे रुसत असतीलही. पण रुसल्याने ताप चढत नाही. घरात प्राण्यासाठी वेगळा थर्मामीटर ठेवा. कुत्र्याचं तापमान 101 ते 102.5 फॅरनहाइट असतं, त्याच्या वर गेलं, हिरड्या फिक्या दिसल्या किंवा त्यांवर लाल ठिपके आले, नाकातून रक्त आलं, तर त्याच दिवशी रक्त तपासून घ्या आणि डॉक्टरांना सांगा की हा इतक्या तारखेपासून इतक्या तारखेपर्यंत बाहेर होता. तारखा आठवत नसतील तर फ्रीजवरचा तो कागद सोबत आणा.